सेड टू कंटेन

भिवंडीच्या नारपोलीत इंग्रजी न बोलणारा माणूस दाखवा आणि बक्षीस घेऊन जा. आमच्या गल्लीत लूमवर उभा राहणारा कारागीर तेलंगणातून आलेला असो, पूर्वांचलातला असो नाहीतर मुरबाडचा, दिवसभर त्याच्या तोंडी बीम, शटल, रीड, पिक, जॉबर, वायंडिंग आणि सायझिंग. तिकडे गोदामांच्या बाजूला गेलात तर इनवर्ड, आउटवर्ड, लोडिंग, डॅमेज. ‘माल शॉर्ट आहे, इनवर्ड होल्ड कर’ या वाक्यात मराठीच्या वाट्याला काय आलं ते तुम्हीच बघा. थोडक्यात, आमच्याकडे इंग्रजीतली नामं पोत्यांनी पडून आहेत. वाक्य तेवढं पुरं होत नाही. ते पुरं होण्यासाठी वाचावं लागतं म्हणतात, आणि काय वाचावं हे सांगायला अख्खी नारपोली तयार असते.

मी एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्टी लिहितो. बिल्टीवर एक वाक्य छापलेलं असतं, ‘सेड टू कंटेन’. म्हणजे पेटीत पंखे आहेत असं माल देणारा म्हणतो, आम्ही काही उघडून पाहिलेलं नाही. पुस्तक सुचवणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळावर हा शिक्का मारावा, असं माझं बऱ्याच दिवसांपासूनचं मत आहे.

शेजारची मुलगी मराठी माध्यमातून बारावी झाली आणि एका गोदामाच्या ऑफिसात मुलाखतीला जायचं म्हणून मला हळूच म्हणाली, “काका, इंग्रजी सुधारायला काय वाचू?” हळू विचारलेला प्रश्न आमच्या गल्लीत लवकर पोहोचतो, कारण लूमच्या खडखडाटात सगळ्यांना ओठ वाचायची सवय आहे. संध्याकाळपर्यंत तिच्या दारात सल्लागार जमले.

पहिले आले निवृत्त सर. त्यांनी रेन अँड मार्टिनचं व्याकरण सुचवलं आणि वर बजावलं, “पहिल्या पानापासून सुरू कर, एक पान सोडायचं नाही.” या पुस्तकाबद्दल मला आदरच आहे. पण त्यातल्या रेन साहेबांचं चरित्र पोरांना कोणी सांगत नाही. पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन हा गृहस्थ हिंदुस्थानात शिक्षणखात्यात होता आणि 1924 साली त्याने ‘बो जेस्ट’ नावाची कादंबरी लिहिली. घर सोडून फ्रेंच फॉरेन लीजनमध्ये भरती होणाऱ्या तीन भावांची ती गोष्ट. व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला घर सोडून वाळवंटात पळून जावंसं वाटतं, ही गोष्ट आमच्या सरांनी शांतपणे विचारात घ्यावी.

मग लूमचे मेहताजी. ते म्हणाले, “रोज इंग्रजी पेपरचा अग्रलेख वाच.” हा सल्ला मी लहानपणापासून ऐकतोय. अग्रलेख वाचून इंग्रजी सुधारलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. ब्लडप्रेशर वाढलेले दोन-तीन माहीत आहेत. मेहताजी स्वतः पेपर उलटा धरत नाहीत, पण सुताच्या भावाचं पान सोडून दुसरं उघडतही नाहीत. कोपऱ्यावरच्या आजोबांनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला काढायला सांगितली. ती त्यांच्या पेटीत आहे, पेटी माळ्यावर आहे आणि माळ्याची शिडी भाच्याने नेलेली आहे. एकाने तर शेक्सपिअर सुचवला. कुठला, असं विचारल्यावर म्हणाला, “तो ‘ओंकारा’वाला.”

मुलगी बिचारी सगळं वहीत लिहून घेत होती. ती वही बघितली तेव्हा मला कळलं की हिला इंग्रजी येईल न येईल, वाचनाची भीती मात्र पक्की बसेल.

माझं म्हणणं साधं आहे. इंग्रजी शिकणाऱ्याने आपल्या इयत्तेच्या खालचं, लाज वाटेल इतकं सोपं पुस्तक घ्यावं. गल्लीला हे पटत नाही. बारावी झालेल्या मुलीने ‘टिंकल’ वाचायचं? पण हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. शंभर वर्षांपूर्वी मायकेल वेस्ट नावाचा इंग्रज ढाक्याला शिकवत होता. बंगाली पोरं इंग्रजी वाचायला का कंटाळतात याचा त्याने शोध घेतला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की दोष पोरांचा नाही, पुस्तकांचा आहे. पानापानावर इतके नवे शब्द की पोरगं गोष्टीपर्यंत पोहोचायच्या आधीच दमतं. मग त्याने दुर्मीळ शब्द काढून नेहमीचे घातले, नवे शब्द थोडे-थोडे सोडले आणि त्याच गोष्टी पुन्हा लिहून काढल्या. 1953 साली त्याची सुमारे दोन हजार नेहमीच्या शब्दांची यादीही प्रसिद्ध झाली. आज पेंग्विन आणि ऑक्सफर्डची पायरी-पायरीने लिहिलेली पातळ पुस्तकं मिळतात ना, पाठीवर लेव्हल छापलेली, ती त्याच वाटेवरची. आपण मात्र ती सातवीतल्या पोराला देतो आणि आपण स्वतः अग्रलेखाशी झुंजतो.

किती सोपं म्हणजे सोपं, याचाही हिशेब झालेला आहे. पॉल नेशन हे न्यूझीलंडमधले प्राध्यापक. त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर केलेला अभ्यास 2000 साली आला. त्यात असं दिसलं की कोणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट कळायची तर शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे हवेत. अडीचशे शब्दांचं पान धरलं तर अनोळखी शब्द पाच. म्हणून मी त्या मुलीला सांगितलं, दुकानात उभ्या-उभ्या कुठलंही पान उघड, अडलेल्या शब्दाला एक बोट दुमड. मूठ मिटली आणि पान अजून बाकी असेल तर पुस्तक परत ठेव. मुळीच वाईट वाटून घेऊ नकोस. मेहताजींच्या पेपरात पहिल्या परिच्छेदालाच दोन्ही मुठी मिटतात.

दुसरी युक्ती अशी की गोष्ट आधीच ठाऊक असलेलं पुस्तक घ्यावं. ‘अमर चित्र कथा’ 1967 पासून हेच काम करते आहे. हनुमान लंकेला का गेला हे शब्दकोशात बघावं लागत नाही. क्रिकेटची बातमी घ्या, सामना रात्री पाहिलेला असतो. आणि मराठी वाचकाला तर आणखी मोठी सोय आहे. आपली पुस्तकं इंग्रजीत गेलेली आहेत. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’चा शांता गोखल्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आहे. दया पवारांचं ‘बलुतं’ जेरी पिंटोंनी इंग्रजीत नेलं. मराठी डाव्या हाताला, इंग्रजी उजव्या हाताला ठेवून वाचा. अडलात तर डावीकडे बघा. याला कॉपी म्हणत नाहीत. सरांना विचारलं तर म्हणतील, पण त्यांना विचारू नका.

मूळ इंग्रजीतच वाचायचं असेल तर आर. के. नारायण. हा माणूस कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत चक्क इंग्रजीतच नापास झाला होता. मग घरी बसून त्याने भरपूर वाचलं, आणि 1935 साली ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ आलं. त्यातलं वाक्य असं सरळ की आमच्या ट्रान्सपोर्टच्या पत्रापेक्षा सोपं. दहावीला इंग्रजीत गचके खाल्लेल्या प्रत्येक घरात नारायणांचा फोटो लावावा, असा माझा प्रस्ताव आहे.

आणि एक पुस्तक मी विनोद बाजूला ठेवून सुचवतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. जेमतेम काही पानांचं. लहानपणी भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला गोरेगावला निघाले, मसूर स्टेशनावर उतरले, आणि पुढे बैलगाडीवाल्यांनी काय केलं, तिथून ते सुरू होतं. एकही वाक्य फुगवलेलं नाही. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात ते अभ्यासाला लावतात. इतक्या साध्या इंग्रजीत इतकं जड काही सांगता येतं, हे कळल्यावर अवघड शब्दांचा दरारा आपोआप कमी होतो.

वाचायचं ते मोठ्याने, हा एकच अभ्यासाचा नियम मी तिला घालून दिला. त्या बाबतीत नारपोलीसारखं गाव नाही. इंग्रजी मोठ्याने बोलायला माणूस लाजतो तो लोक ऐकतील म्हणून. आमच्याकडे लूम चालू असताना शेजारी उभा असलेला नवरा ऐकू येत नाही, उच्चार कोण ऐकतो? मुलगी रोज खिडकीत बसून घसा फोडून वाचायला लागली. सोप्या इंग्रजीतली कसलीशी कोर्टाची गोष्ट होती. अगदी रंगात आली असताना लाइट गेली. गल्लीतले सगळे लूम एकदम थांबले आणि त्या शांततेत नारपोलीभर आवाज घुमला, “माय लॉर्ड, आय अॅम इनोसंट!”

समोरच्या आगरी आजी लगबगीने बाहेर आल्या. “कोनी पकरला गो तुला?” मेहताजींनी पोलीस स्टेशनमध्ये आपली ओळख आहे असं सांगून टाकलं. पण गंमत म्हणजे पोरीचं वाक्य गल्लीतल्या सगळ्यांना बरोबर कळलं होतं, एकानेही अर्थ विचारला नाही. त्यानंतर तिची लाज गेली ती गेलीच. आता लाइट असो नसो, वाचते.

मुलाखतीत तिला इनवर्ड म्हणजे काय ते विचारलं. ते तिला जन्मापासून येत होतं. पण पुढे पूर्ण वाक्यात समजावून सांग म्हणाले, तेही तिने सांगितलं. हल्ली तिच्याकडे गल्लीतली आणखी पोरं पुस्तकं मागायला येतात आणि पुस्तकं पुरत नाहीत. तेव्हा वाचकहो, तुमच्या घरी इंग्रजी ‘टिंकल’, ‘अमर चित्र कथा’, नारायण, लेव्हल छापलेली पातळ पुस्तकं पडून असतील तर रद्दीवाल्याला देऊ नका. भिवंडीकडे येणाऱ्या कोणाच्याही हाती पाठवा, बिल्टी मी फुकट करून देईन. रेन अँड मार्टिन मात्र पाठवू नका. ते इथे घरटी एक आहे. पंचविसाव्या पानापर्यंत मळलेलं, पुढे कोरं.