टॅकीकाका

टॅकीकाकांना घाई कशाचीच नसते. सकाळी सातला फिरायला निघालेले काका आठ वाजता फाटकापाशी भेटतात, तेही जाताना. अशा माणसाने निवृत्तीनंतर अभ्यासाला विषय घ्यावा तो वेगाचा, आणि तोही ग्रीक वेगाचा, याला काय म्हणावं!

याची सुरुवात काकूंच्या ईसीजीपासून झाली. कागदावर छापून आलं, ‘सायनस टॅकीकार्डिया’. काकू घाबरल्या, काका खूश. “अगं, टॅकिस म्हणजे वेगवान, कार्डिया म्हणजे हृदय. मिनिटाला शंभराच्या वर ठोके पडले की टॅकीकार्डिया. इतकं सोपं आहे!” हे व्याख्यान ऐकता ऐकता काकूंचे ठोके आणखी वाढले.

तेव्हापासून काकांच्या तावडीतून काही सुटलेलं नाही. श्वास भरभर चालला की टॅकिप्निया. गाडीच्या इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा म्हणजे टॅकोमीटर. नाकात सारखे थेंब घालून आता ते लागू पडत नाहीत अशी तक्रार करा, डॉक्टरकडे जा असं काका सांगणार नाहीत, “टॅकिफायलॅक्सिस!” म्हणून तुमचं अभिनंदन करतील. ऑस्ट्रेलियात मुंग्या खाणारा, अंडी घालणारा एक काटेरी प्राणी आहे, एकिडना. त्याचं शास्त्रीय नाव टॅकिग्लॉसस, म्हणजे चपळ जिभेचा. काकू म्हणतात, तो शोधायला ऑस्ट्रेलियापर्यंत जायची गरज नव्हती.

पण सगळ्यात लाडका शब्द टॅकिऑन. प्रकाशापेक्षा वेगाने धावणारा, गणितात बसणारा आणि अजून कोणालाही न सापडलेला कण. हे नाव 1967 मध्ये जेराल्ड फाइनबर्ग यांनी दिलं, पण त्याआधी 1962 मध्येच बिलानियुक, देशपांडे आणि सुदर्शन या तिघांनी अशा कणांवर निबंध लिहिला होता. ‘देशपांडे’पाशी काका थांबतात, चष्मा काढून पुसतात, आणि निबंध आपल्याच घरात लिहिला गेल्यासारखे बघतात. सोसायटीचे खजिनदार म्हणतात, काकांच्या मेंटेनन्सच्या चेकचंही टॅकिऑनसारखंच आहे. असणार असं सगळे धरून चालतात, दिसलेला कोणालाच नाही.

शेजारच्या सुनेच्या बाळंतपणात मात्र कमाल झाली. कळा नीट येत नव्हत्या म्हणून सलाइनमधून ऑक्सिटोसिन सुरू केलं होतं. सिस्टरने आणखी काही औषधांची चिठ्ठी नवऱ्याच्या हातात दिली. खाली मेडिकलकडे धावणाऱ्या त्या पोराला काकांनी जिन्यातच गाठलं. “ऑक्सिजनशी याचा काही संबंध नाही बरं का. म्हणजे, आहे. ऑक्सिस म्हणजे धारदार, झटपट. लव्हॉइझिएला वाटलं, आम्लांना आंबट धार येते ती या वायूमुळे, म्हणून तो ऑक्सिजन. आणि तोकोस म्हणजे प्रसूती. झटपट प्रसूती, ऑक्सिटोसिन! द्यु व्हिग्नो यांनी 1953 मध्ये ते प्रयोगशाळेत तयार केलं...” पोरगा “हो काका, हो काका” करत एक पायरी उतरे, आणि काका शर्टाचं बटण धरून त्याला एक पायरी वर घेत. काका 1955 च्या नोबेलपर्यंत पोचले तेवढ्यात वरून सिस्टर ओरडली, “अहो, मुलगी झाली! राहू दे ती चिठ्ठी!”

काकांना जराही ओशाळल्यासारखं झालं नाही. “बघ,” ते त्या पोराला म्हणाले, “नाव किती अचूक आहे!”

मध्यंतरी डॉक्टरांनी खुद्द काकांची नाडी पाहिली. 54. “चक्कर वगैरे काही नाही ना? मग काळजी नको. जरा ब्रॅडी आहे, एवढंच.” साठच्या खाली ठोके म्हणजे ब्रॅडीकार्डिया, आणि ब्रॅडिस म्हणजे मंद, हे त्यांना कोणी समजावण्याची गरज नव्हती. आयुष्यभर वेगाची बाजू घेतलेल्या माणसाला हे फार लागलं. आठवडाभर काका कोणाशी बोलले नाहीत. तेवढा आठवडा आमची लिफ्ट एका जागी दार उघडं ठेवून उभी राहिली नाही.

आता ते सावरलेत. नवा शब्द सापडलाय. ग्रीसमध्ये पोस्ट ऑफिसला ‘ताखिद्रोमिओ’ म्हणतात. त्यातला पहिला तुकडा आपला टॅकिस, दुसरा ड्रोमोस, म्हणजे धाव. त्याच धावेतून सिंड्रोम आला, कारण त्यात लक्षणं एकत्र धावून येतात. त्यातूनच ड्रोमेडरी, एका वशिंडाचा उंट. उंटावरून काका सांडणीस्वारावर येतात, आणि सांडणीस्वाराच्या मागोमाग पेशवाईत शिरतात. पेशवाईत शिरलेल्या काकांना जेवायची वेळ झाल्याशिवाय बाहेर काढता येत नाही.

तेव्हा आमच्याकडे जरूर या. फक्त फाटकात एखादे हसतमुख गृहस्थ “घाईत आहात का?” असं विचारू लागले, तर “नाही” म्हणू नका. “हो” तर मुळीच म्हणू नका. मागच्या फाटकाला दिवसा कुलूप नसतं.