श्रीखंडाच्या डब्यातील आयफेल टॉवरास अनावृत पत्र

प्रति,
रा. रा. आयफेल टॉवर (उंची अडीच इंच, पाठीला लोहचुंबक),
मु. पो. श्रीखंडाचा रिकामा डबा, माळ्यावर, सुटकेसच्या मागे.



गेल्या दसऱ्याला काकूंकडे नवा फ्रिज आला. दरवाजा काचेचा, काळाभोर, समोर उभे राहून भांग पाडता येईल असा. जुन्या फ्रिजवरचा आपला परदेशी गोतावळा काकांनी एकेक करून नव्या दरवाजावर लावून पाहिला. एकही टिकेना. आपण तर थेट काकांच्या पायाच्या अंगठ्यावर उतरलात. त्याच संध्याकाळी आपली आणि दहा सोबत्यांची रवानगी या डब्यात झाली. झाकणावर अजून 'केशर-वेलची' असे छापलेले आहे, तेवढाच काय तो मान.

आपल्या पुनर्वसनाचे बोलण्याआधी थोडा जुना हिशेब.

आपले थोरले बंधू 1889 पासून सेन नदीकाठी उभे आहेत. उंची 330 मीटर, लोखंडाचे 18,038 भाग, ते जोडणारे 25 लाख रिव्हेट. साधारण सात वर्षांनी त्यांची रंगरंगोटी होते आणि एका खेपेला 60 टन रंग लागतो. आपला सोनेरी मुलामा दुसऱ्या पावसाळ्यातच उडाला. तक्रार त्याची नाही. वयोमानाप्रमाणे घरात सगळ्यांचाच उडतो. तक्रार आहे ती आपल्या पाठीवरच्या मुंगीएवढ्या अक्षरांची. काका भिंग घेऊन 'मेड इन चायना' वाचत बसले, तेवढ्यात काकू चहा टाकायला उठल्या. चीनमधल्या यीवू शहराच्या घाऊक बाजारात असल्या किरकोळ मालाचे हजारो गाळे आहेत. जगभरच्या नाताळची बरीचशी सजावटही तिथूनच निघते. आपणही त्याच बाजूचे दिसता. म्हणजे काकू मुंबईहून पश्चिमेला गेल्या, आपण पूर्वेकडून आलात, आणि दोन परप्रांतीयांची गाठ पडली ती पॅरिसमध्ये त्रोकादेरोसमोर फुटपाथवर अंथरलेल्या चादरीवर. टॉवर पाहायला टूर मॅनेजरने दिलेल्या वीस मिनिटांपैकी तेरा मिनिटे 'पाच युरोला पाच, वर एक' या वाटाघाटीत गेली. थोरल्या बंधूंचे दर्शन उरलेल्या सात मिनिटांत आटोपले.

काकूंचा दोष नाही. त्यांच्या पर्समध्ये यादी होती. बत्तीस नावे. त्यात सख्खी भाची होती, भिशीच्या अकरा जणी होत्या, उधारीवर गोळ्या देणारा केमिस्ट होता आणि वरच्या मजल्यावरच्या वहिनीही होत्या, ज्यांनी दोन वर्षांपूर्वी सिंगापूरहून मर्लायन आणून दिला होता. लग्नघरी आहेराची वही असते ना, तिचीच ही परदेशी आवृत्ती. मर्लायन आला, म्हणून टॉवर गेला. त्यात ना सिंगापूरचा संबंध, ना पॅरिसचा.

त्या मर्लायनची मात्र काकांनी उगाच टिंगल केली. 'सिंह आणि मासा, हे कुठल्या पुराणात?' म्हणाले. कुठल्याच नाही. ते चिन्ह 1964 साली पर्यटन मंडळासाठी बोधचिन्ह म्हणून काढले गेले; नदीच्या तोंडाशी 8.6 मीटरचा पुतळा उभा राहिला तो 1972 साली. म्हणजे तो पर्यटकांसाठीच जन्माला आला आणि ते लपवतही नाही. डब्यात आपल्या उजव्या अंगाला तो पडलेला आहे. त्याच्याकडून शिकण्यासारखे आहे.

डाव्या अंगाला हिरवट रंगाच्या लिबर्टीबाई आहेत. त्यांचे कूळ मोठे. न्यूयॉर्कच्या मूर्तीला चौथरा बांधायला पैसे कमी पडले तेव्हा 1885 साली अमेरिकेतल्या समितीने तिच्या छोट्या प्रतिकृती विकायला काढल्या: सहा इंचांची एक डॉलरला, बारा इंचांची पाच डॉलरला. खऱ्या मूर्तीचे लोकार्पण ऑक्टोबर 1886 मधले. म्हणजे ज्या वास्तूची आठवण म्हणून वस्तू घ्यायची, ती वास्तू उभी राहण्याआधीच लोकांनी वस्तू घेतली होती! आपल्यासारख्यांच्या जातीत इतके कर्तबगार पूर्वज होऊन गेले, हे आपल्याला कुणी सांगितले नसेल.

खरे आयफेल घरी आणणारेही काही निघाले. 1983 साली टॉवरच्या वरच्या भागातला जुना गोल जिना काढून त्याचे 24 तुकडे केले आणि बरेचसे लिलावात विकले. काकूंना ती संधी मिळाली असती तरी 23 किलोच्या बॅगेत कसे बसवायचे, हा प्रश्न होताच.

डब्यापर्यंत न पोहोचलेल्या एकाची कथा सांगायलाच हवी. व्हिएन्नाचा काचगोळा: आत चर्च, हलवले की बर्फ. 1900 च्या सुमारास एर्विन पर्झी नावाचा तिथला कारागीर शस्त्रक्रियेच्या दिव्याचा उजेड वाढवायच्या खटपटीत होता. पाण्याने भरलेल्या काचेच्या गोळ्यात प्रकाश परतवायला काय घालावे, म्हणून एकेक टाकून पाहताना त्याने रवा टाकला. तो भुरूभुरू खाली बसू लागला. दिवा राहिला बाजूला, बर्फ सापडला. त्याच्या घराण्याचा कारखाना व्हिएन्नात अजून चालू आहे. आपल्याकडच्या रव्याला शिरा आणि उपमा या दोनच वाटा माहीत. तिकडे त्याने एवढे नाव काढले. काकूंनी हौसेने घेतलेला गोळा मात्र परतीच्या विमानतळावर सुरक्षा तपासणीत अडकला. हातातल्या सामानात तिथे 100 मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव चालत नव्हता आणि गोळ्यातले पाणीही द्रवच. काकू म्हणाल्या, 'अहो, हा बर्फ आहे.' ऐकणाऱ्याला मराठी येत नव्हते.

बाकी ब्लॅक फॉरेस्टचे कुक्कू घड्याळ हॉलमध्ये सुखरूप आहे. छपरासकट घराच्या आकाराचे, 1850 साली रेल्वे चौकीदाराच्या घरावरून बेतलेल्या नमुन्याचे. त्याची साखळी रोज ओढावी लागते, ही अट दुकानात कुणी नीट ऐकली नाही. पक्षी साडेतीनला आत गेला तो गेलाच.

आता मुद्द्याचे. वाटण्यासाठी आणायचे तर मराठी माणसाला ही विद्या नवी नव्हती. पंढरपूरहून येणारा बुक्का, चुरमुरे, बत्तासे आणतो आणि चिमूट-चिमूट अख्ख्या आळीला पुरवतो. काशीहून आलेल्या गंगेच्या गडूचे मावंदे होते, पंगत उठते. त्या चुरमुऱ्यांवर 'मेड इन' काय लिहिले आहे, हे कुणी भिंगाने पाहिलेले नाही. 'मला कमी आले' एवढीच तक्रार होऊ शकते, आणि तीही दुसऱ्या दिवशी पचून जाते. रामेश्वरची वाळू प्रयागला आणि प्रयागचे पाणी रामेश्वरला, असाही एक जुना क्रम आहे. मात्र ती सवय इटलीत न्यावी असे नाही: सार्डिनिया बेटावरून वाळू उचलली तर 2017 च्या कायद्याने 500 ते 3,000 युरो दंड आहे, आणि 2019 साली एका फ्रेंच जोडप्याच्या गाडीत 40 किलो वाळू सापडली होती. आठवणीला चाळीस किलो! एकनाथांनी तर गंगेची कावड वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजली अशी कथा आहे. ती भेट पत्त्यावर पोहोचलीच नाही आणि तिचीच आठवण सगळ्यांत टिकली.

म्हणून प्रस्तुत पत्रलेखकाचे मत स्वच्छ आहे: वाटायचे ते संपणारे असावे. त्या सहलीत यशस्वी झाले ते फक्त टॉब्लरोन चॉकलेट. त्यातही भानगड आहेच. काही उत्पादन स्लोव्हाकियाला न्यायचे ठरले, तेव्हा स्विस ओळखीच्या कायद्यामुळे 2023 साली वेष्टनावरून मॅटरहॉर्न शिखर काढावे लागले. पण भिशीच्या अकरा जणींपैकी एकीनेही डोंगर कुठे गेला असे विचारले नाही. दोन-दोन त्रिकोण तोंडात होते.

असो. आपल्याला सांगायचे ते हे. काल काकूंच्या नातीला शोध लागला की आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटाला आपण घट्ट चिकटता. आपली तिथे नेमणूक झाली आहे. काम हलके: एक कागद धरून ठेवायचा. कागदावर 'जपान, चेरीचा सीझन' असे शीर्षक आहे आणि खाली चौतीस नावे.

कळावे.
आपला,
प्रस्तुत पत्रलेखक

ता. क. : यादीत सत्ताविसाव्या क्रमांकाला पत्रलेखकाचे नाव असून त्यापुढे 'मांजर (हात हलवणारे)' असे लिहिलेले दिसले. रात्री दिवे गेल्यावर आपण थोडे सरकून ते झाकता आले तर पाहावे.