हायेस्ट पॅकेजसाहेबांस, मु. पो. फ्लेक्स

श्री. हायेस्ट पॅकेजसाहेब यांस,
मु. पो. फ्लेक्स, एस.टी. स्टँडसमोर.

सा. न. वि. वि.

दरवर्षी बारावीचे निकाल लागले की आपला मुक्काम आमच्या गावात पडतो. वाढदिवसाचे भावी नगरसेवक खाली उतरतात आणि त्यांच्याच बांबूंवर आपण चढता. पिवळाधमक आकडा, शेजारी ब्लेझर घालून हाताची घडी घातलेला मुलगा, आणि आकड्याच्या डोक्यावर एक बारीक चांदणी. चांदणीचा खुलासा फ्लेक्सच्या तळाशी छापलेला असतो म्हणे. तिथे रसवंतीची गाडी लागते, त्यामुळे तो अजून कुणी वाचलेला नाही.

यंदा आमच्या घरात इंजिनिअरिंगचा ऑप्शन फॉर्म भरायचा आहे. कुणी न बोलावता आपण त्या चर्चेत खुर्ची अडवून बसला आहात, म्हणून हे पत्र जाहीर लिहिते.

लेकीला सिव्हिल करायचंय. तिने हे सांगितलं तेव्हा आमचे भाऊजी बशीत ओतलेला चहा तसाच ठेवून म्हणाले, "सिव्हिलला पॅकेज काय?" भाऊजींच्या बंगल्याचा स्लॅब दुसऱ्याच पावसाळ्यात गळायला लागला, हे मी बोलले नाही. मोठ्या जाऊबाईंनी 'एआयडीएस' सुचवलं. त्याचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता, पण त्यांच्या भाच्याने घेतलंय. मग सगळ्यांनी आपला आकडा पुन्हा एकदा म्हणून दाखवला, आरतीतल्या ध्रुवपदासारखा.

पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज 1854 साली सुरू झालं ते रस्ते, पूल, कालवे बांधणारी माणसं तयार करायला. तिथे शिकलेल्या विश्वेश्वरय्यांनी पुढे खडकवासल्याच्या धरणाला 1903 साली आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. त्यांचा आकडा काही फ्लेक्सवर झळकला नाही. पुणेकर पाणी पीत राहिले, एवढंच.

साहेब, आपल्या खरेपणाबद्दल मला शंका नाही. कुणा एकाला तेवढा पगार मिळाला असेल, त्याचं अभिनंदन. माझी तक्रार आहे ती आपण आपल्या घरच्यांना बाहेर येऊ देत नाही याची. आपले थोरले बंधू श्री. सरासरी कधीमधी माहितीपत्रकात दिसतात, पण त्यांच्यावरही आपलीच छाया. दहा मुलांपैकी नऊ जणांना 4 लाख आणि एकाला 44 लाख मिळाले, तर सरासरी येते 8 लाख. आठ लाख त्या दहांतल्या एकालाही मिळत नाहीत! आणि धाकटे श्री. मीडियन? रांगेच्या मधोमध उभे राहून 4 लाख म्हणणारे. त्यांना कुणी फ्लेक्सवर चढवत नाही. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीसाठी कॉलेजांना जी माहिती द्यावी लागते, तीत किती मुलं पास झाली, किती नोकरीला लागली आणि त्यांचा मीडियन पगार किती, हे सगळं असतं. क्रमवारीत उतरलेल्या कॉलेजाच्या वेबसाइटवर ती पीडीएफ सापडते, मात्र 'प्रवेश सुरू'च्या उड्या मारणाऱ्या पट्टीखाली चिकाटीने खोदावं लागतं. 'शंभर टक्के प्लेसमेंट'चंही असंच. शंभर टक्के कुणाचे, तर 'एलिजिबल' मुलांचे. ज्यांचे विषय राहिले, ज्यांचे गुण कमी पडले, ती मुलं हिशेबात धरलेलीच नसतात.

आता फॉर्म. तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात, एवढे पर्याय आमच्या गावात लग्नालाही मिळत नाहीत. काउन्सेलिंगवाल्या एका सरांनी पैसे घेऊन यादी दिली. शेजारच्या मुलाचीही तीच यादी निघाली, फक्त त्याच्यावर त्याचं नाव होतं. सासरे कट-ऑफची पीडीएफ छापून आणून स्केचपेनने रंगवत बसले आहेत. जीओपनएस, एलओपनएच ही अक्षरं त्यांना आता कुंडलीतल्या घरांसारखी पाठ झाली आहेत. "वर मोठं कॉलेज टाकलं तर खालचं हातचं जातं," हा त्यांचा सिद्धांत. प्रत्यक्षात तसं काही नाही. यंत्र वरून एकेक पसंती बघत येतं आणि आपल्या मेरिटला पहिली मोकळी सापडलेली जागा देतं. दुसऱ्या क्रमांकावर लिहिलं म्हणून कुठलं कॉलेज रुसत नाही.

यंत्राचा स्वभाव एकाच बाबतीत कडक आहे: ते आपला शब्द खरा मानतं. 2025-26 मध्ये कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेच्या, चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की तीच घ्यायची, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतली, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतली. नको म्हटलं तर पुढच्या फेऱ्या बंद. म्हणजे भाऊजींचं मन राखायला एक नंबरला आपलं कॉलेज टाकलं, तर चार वर्षं तिथे लेक जाणार. भाऊजी नाही.

फीचं म्हणाल, तर 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना, कॅपमधून प्रवेश घेतला तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. मेस आणि प्रवासाचा विषय निराळा, त्यावर आपणही गप्प आणि शासनाचा तो निर्णयही.

परवा आपलं कॉलेज बघून आलो. आधी सेल्फी पॉइंट दाखवला, मग एसी सेमिनार हॉल, मग कॅन्टीन. लेक म्हणाली, सिव्हिलची लॅब बघायचीय. किल्ली शोधण्यात बराच वेळ गेला. आत काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडायचं यंत्र होतं, त्याच्या डायलवरचं प्लास्टिक अजून सोललेलं नव्हतं. तिने नखाने त्याचा कोपरा उचलून पाहिला आणि परत दाबून बसवला. दुसऱ्या एका जुन्या कॉलेजात गेलो तर भिंतींना पोपडे, पंखे कुरकुरणारे, पण लॅबच्या मागे फुटक्या ठोकळ्यांचा ढीग, प्रत्येकावर खडूने तारीख. तिथून तिला हलवायला मला दोनदा हाक मारावी लागली.

तेव्हा विनंती अशी, की पुढच्या वर्षी चढताना मीडियनना सोबत घ्यावं, चांदणीचा खुलासा रसवंतीच्या गाडीच्या वर येईल इतका उंच छापावा, आणि लॅबची किल्ली कुणाकडे असते तेही लिहावं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
ज्या मोबाइलवर ओटीपी येतो त्याची मालकीण

ता. क. आपल्या कॉलेजला यादीत जागा दिली आहे, चौदावी. सासऱ्यांनी पिवळा रंग दिला होता, तो लेकीने तसाच ठेवला. चौदावीच का, असं मी विचारलं. म्हणाली, "पंधरावं त्याहून लांब आहे."