गाडी घाटात आहे

ट्रान्सपोर्टच्या धंद्यात १८ वर्षं घासून माझ्याकडे इस्टेट जमली नाही, पण एक वाक्य जमलं : ‘गाडी घाटात आहे.’

आमच्या २२ गाड्या नाशिकच्या अंबडमध्ये माल भरतात आणि भिवंडीला नाहीतर न्हावाशेवाला खाली होतात. मध्ये कसारा घाट. पार्टीचा फोन वाजला, की रिसीव्हर कानाला लागायच्या आत हे वाक्य माझ्या तोंडून निघायचं. गाडी कधी खरोखर घाटात असायची, कधी इगतपुरीच्या ढाब्यावर, आणि दिवाळीच्या तोंडावर तर थेट माझ्या खिडकीखाली. अर्धी भरलेली, ताडपत्रीसुद्धा न बांधलेली. अशा वेळी हमालांचा आवाज पार्टीला जाऊ नये म्हणून मी आधी खिडकी लावून घ्यायचो.

या वाक्यात सगळी सोय होती. घाटात रेंज नसते हे जगजाहीर, त्यामुळे ड्रायव्हरचा फोन का लागत नाही, याचा खुलासा त्यातच यायचा. शिवाय दोष घाटावर जायचा आणि घाट काही उलटून बोलत नाही.

मग धाकट्या शेठनी गाड्यांना जीपीएस बसवायचं काढलं. सार्वजनिक प्रवासी वाहनं नवी असतील, तर त्यांना सरकारनं १ जानेवारी २०१९पासून असं यंत्र सक्तीचं केलंय. आमच्या मालट्रकना धाकट्या शेठची सक्ती पुरली. एके सकाळी कंपनीचा एक पोरगेला कारागीर आला. काडेपेटीपेक्षा जराशी मोठी डबी, तिची एक वायर बॅटरीला, एक इग्निशनला. डबी डॅशबोर्डच्या पोटात गेली, तेव्हा सगळे ड्रायव्हर आणि किन्नर गाडीभोवती असे उभे होते, जणू पंचनामा चाललाय.

आमच्या सगळ्यांत जुन्या ड्रायव्हरांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी विचारलं, “वरनं किती दिसतं? बिडी दिसती का?”

कारागीर हुशार होता. म्हणाला, “अण्णा, वरच्याला काहीच दिसत नाही. उपग्रह २० हजार किलोमीटरवर. तो नुसता ओरडत असतो, की मी इथं आहे आणि आत्ता एवढे वाजलेत. ही डबी निदान चार उपग्रहांचं ऐकते, हिशेब करते आणि आपण कुठं आहोत ते काढते. मग आतलं सिमकार्ड ते ऑफिसला कळवतं.”

अण्णांनी मान हलवली. “म्हंजे वरचे चौघं सज्जन. चहाडी करतंय ते कार्ड.”

तंत्रज्ञानाचं इतकं चोख सार मी अजून कुठं ऐकलेलं नाही. मीही आपला थोडा अभ्यास केला आणि मला भलताच आधार सापडला. ही यंत्रणा मुळात अमेरिकी लष्कराची. मे २०००पर्यंत ते लोक सामान्य माणसाला मिळणाऱ्या संकेतात मुद्दाम खोट घालत. पत्ता शंभरेक मीटरनं चुकायचा. म्हणजे महासत्तासुद्धा इतकी वर्षं जगाला ‘गाडी घाटात आहे’ असंच सांगत होती. फरक इतकाच, की तिनं ते सोडून दिलं आणि मी धरून ठेवलं.

पहिल्या आठवड्यात धाकट्या शेठच्या मोबाइलवर इशाऱ्यांचा पाऊस पडला. डिझेलच्या टाकीत मापाची दांडी सोडली होती. एके दिवशी भर घाटात अण्णांच्या गाडीतलं ४० लिटर डिझेल पडद्यावरून गायब! अण्णांना बोलावणं गेलं.

“घाटात चाळीस लिटर कुठं गेलं?”

“जातंय कुठं? उतारावर एका अंगावर झोपलं असंल. कसाऱ्याला सपाटीवर उठतं ते.”

धाकट्या शेठनी आलेख पुढे सरकवला. डिझेल खरंच उठलं होतं. दांडीला फक्त डिझेलची उंची कळते, गाडी कलली की तिचा अंदाज कोसळतो. तरी धाकटे शेठ दोन मिनिटं विचारात होते, की चोरानं परत आणून कसं ओतलं?

एका गाडीची वायर उंदरानं कुरतडली. डबीला स्वतःची छोटी बॅटरी असते, हे त्या उंदराला कुणी सांगितलं नव्हतं. रात्री २ वाजून १० मिनिटांनी, मु. पो. पडघा, वायर तुटल्याची नोंद ऑफिसात हजर. त्यानंतर आमच्या गाड्यांतले उंदीर सुधारले.

सगळ्यांत गाजला तो घाटनदेवीचा मामला. घाट उतरण्याआधी प्रत्येक गाडी देवीच्या देवळापाशी थांबते. पडद्यावर रोज लाल अक्षरांत ‘अनधिकृत थांबा, ४ मिनिटे’. अण्णा शांतपणे म्हणाले, “दोन मिनिटं देवीला, दोन मिनिटं ब्रेक बघायला. तुमी सांगा, कुठली दोन काढू?” मोठे शेठ मध्ये पडले. आता आमच्या यंत्रणेत पेट्रोलपंप, टोलनाके आणि गोदामं यांच्या यादीत घाटनदेवी अधिकृत थांबा आहे.

ड्रायव्हर असे निभावले. फसलो मी. कारण धाकट्या शेठनी उत्साहाच्या भरात पार्ट्यांनाही लिंक दिली. दुसऱ्याच दिवशी भिवंडीहून फोन आला. मी सवयीनं म्हणालो, “गाडी घाटात आहे.”

“भाऊ, नकाशात तर ती तुमच्या ऑफिसच्या दारात दिसतेय. घाट अंबडला आणला का?”

खिडकी लावायलाही उसंत मिळाली नाही. १८ वर्षांत ड्रायव्हर मला चार-दोनदा खोटं बोलले असतील, मी मात्र दिवसातून चार-दोनदा बोलत होतो. डबी २२ गाड्यांत बसवली आणि सापडला खुर्चीत बसलेला.

पुढे पावसाळ्यात एका संध्याकाळी घाटात कंटेनर आडवा झाला. अण्णा मागे अडकले. तिथं रेंज नाही. म्हणजे वरचे चौघं सज्जन ओरडत होते, डबी ऐकत होती, पण चहाडखोर मुका झाला होता. पडद्यावरचा ठिपका शेवटच्या रेंजच्या जागी, इगतपुरीच्या ढाब्यावर, गोठलेला. पार्टीचा फोन आला.

“गाडी घाटात आहे,” मी म्हणालो.

“ढाब्यावर आहे. आम्हाला दिसतंय.”

“देवाशपथ घाटात आहे हो!”

पलीकडे कुणीतरी हसलं. रात्री एकला अण्णा रेंजमध्ये आले आणि डबीनं साठवून ठेवलेले सगळे ठिपके एका दमात ओकले. घाटाच्या वळणावळणानं मुंग्यांची रांगच लागली. मी ते पडदाभर सत्य एकटाच बघत बसलो. पार्टी केव्हाच झोपली होती.

जून २०२५मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. त्यावर घाट नाहीच. डोंगराच्या पोटातून जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आहे. बोगद्यात उपग्रहाचंही ऐकू येत नाही. मी लगेच नवं वाक्य तयार केलं : ‘गाडी बोगद्यात आहे.’ पण ते जेमतेम दहा मिनिटं टिकतं. मग गाडी बाहेर येते, आणि मला खरं बोलावं लागतं.