विकणाऱ्याची उंची विचारा

चाळीसगावच्या माणसाला डोंगरात चालवायची सायकल घ्यायला कारण शोधावं लागत नाही. दक्षिणेकडे तोंड केलं की डोंगराची रांग दिसतेच आणि त्या रांगेत कन्नडचा घाट वाट बघत असतो. 2023 साली न्यायालयाच्या आदेशाने या घाटात जड वाहनांना बंदी झाली, तेव्हा सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या कंपूतल्या निम्म्या लोकांना रस्ता मोकळा झाल्याचा आनंद झाला. उरलेल्या निम्म्यांना आपण जड वाहनांत मोडतो की काय, अशी शंका आली. सायकल घ्यायचं मात्र दोन्ही पक्षांनी एकमताने ठरवलं.

घ्यायची ती जुनीच. नवी गेअरची सायकल म्हणजे संकल्प आणि जुनी म्हणजे दुसऱ्याचा मोडलेला संकल्प. तो निम्म्या किमतीत मिळतो. असे संकल्प गावात जिन्याखाली किंवा गॅलरीत, हँडलवर टॉवेल वाळत घातलेल्या स्थितीत सापडतात. यात कमीपणा काही नाही. या सायकलींचा जन्मच मुळी जुन्या मालातून झाला आहे. 1970च्या दशकात कॅलिफोर्नियात टॅमलपाइस नावाच्या डोंगरावरून काही पोरं जाड टायरांच्या जुनाट सायकली सोडायची. उतारावर मागच्या चाकाच्या ब्रेकमधलं ग्रीस तापून त्याचा धूर व्हायचा, आणि खाली पोहोचल्यावर ते पुन्हा भरावं लागायचं. त्याच भागातल्या एका शर्यतीला ‘रिपॅक’ हे नाव त्यावरूनच पडलं. म्हणजे आपण जुनी सायकल घेतो ती काटकसर नव्हे, परंपरा आहे. हे घरी सांगून पाहिलं. ऐकून घेतलं गेलं, एवढंच.

खरी गंमत मापापाशी सुरू होते. “कितीची आहे?” असं विचारलं की विकणारा छाती पुढे काढून म्हणतो, “सव्वीसची!” हे सव्वीस चाकाचं माप. हल्ली साडेसत्तावीस आणि एकोणतीसही असतं. बसणाऱ्याच्या पायाशी संबंध असतो तो फ्रेमच्या मापाचा. पॅडलच्या मधल्या आसापासून सीटच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंत टेप धरला की ते मिळतं. 15-16 इंच लहान, 17-18 मध्यम आणि 19-20 मोठं. पण टेप धरला की विकणारा असा बघतो, जणू आपण त्याच्या घराची मोजणी काढली आहे.

दोष त्याचाही नाही. आपण वाढलो ते बावीस आणि चोवीस या दोनच आकड्यांवर. घरात काळी सायकल एकच. तिच्यावर वडील कामाला जायचे, काका दूध घालायचे आणि दुपारी पोरगा दांड्याखालून, त्या त्रिकोणातून पाय घालून गल्ली पालथी घालायचा. सायकलीचं माप माणसाला बसत नव्हतं. माणूसच सायकलीच्या मापात बसवला जायचा. सदरा, चप्पल, दप्तर सगळंच वाढत्या अंगाचं घ्यायची रीत. पण पन्नाशीत वाढतं अंग म्हणजे पोट, पाय नव्हे, ही बारीक गोष्ट लक्षात कोण घेतो?

वास्तविक मोजायला माणूस चाळीसगावचाच हवा. इथून 18 किलोमीटरांवर पाटणादेवी. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढल्याचं तिथला 1207चा शिलालेख सांगतो. ‘लीलावती’च्या सुरुवातीलाच 24 अंगुळांचा एक हात, असं कोष्टक आहे. माप अंगापासून सुरू करायचं, हे आचार्यांना पक्कं ठाऊक होतं. ‘सिद्धांतशिरोमणी’त तर त्यांनी पोकळ आऱ्यांत पारा भरून आपोआप फिरणारं चाक वर्णिलं आहे. कन्नड घाट चढायला ते जुन्या बाजारात मिळालं, तर मी फ्रेमचं माप विचारणार नाही.

तोवर पाय मोजणं आलं. अनवाणी भिंतीला टेकायचं, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांत वरपर्यंत घट्ट धरायचं आणि पुस्तकाच्या कडेपासून जमिनीपर्यंत सेंटिमीटर मोजायचे. मी या अवस्थेत असताना आत्या आत आली. “काय करी राहिना रे भाऊ?” तिने विचारलं. “सायकल घेतोय,” म्हणालो. ती काही न बोलता परत गेली आणि बाहेर कुणाला तरी हळू आवाजात काहीतरी सांगू लागली. पाय भरला 77. त्याला 0.226 ने गुणलं की आले साडेसतराच्या आत-बाहेर इंच. म्हणजे मध्यम.

यावर विकणाऱ्यांचं ठरलेलं उत्तर असतं, “सीट वर-खाली होतं ना!” होतं. पण सीट आणि हँडल यांच्यातलं अंतर फ्रेमसोबतच जन्माला येतं. आणि सीट कितीही खाली घेतलं, तरी दांडा जागचा हलत नाही. सायकल दोन पायांत घेऊन उभं राहिल्यावर दांड्याच्या वर दोन इंच तरी मोकळे हवेत. सपाट रस्त्यावर हे चोचले वाटतात. घाटातल्या कच्च्या वाटेवर अचानक थांबताना एक पाय खड्ड्यात गेला, की त्या दोन इंचांची किंमत माणूस डोळे मिटून मान्य करतो. म्हणून दोन मापांत अडकलात तर लहान घ्या. नळीवरच्या खुणेपर्यंत सीट वर काढता येतं. मोठी फ्रेम मात्र धुऊन आटत नाही. एकाने मला एकवीस इंची दाखवली आणि वरच्या प्रत्येक इंचामागे पाचशे कमी करायची तयारी दर्शवली. किंमत उतरत गेली, माझे पाय होते तेवढेच राहिले.

स्थळ बघताना आपण आधी उंची विचारतो. जुन्या सायकलीतही तेच करावं, फक्त विकणाऱ्याची विचारावी. सोबत काय दुखायचं, हेही. त्याचं दुखणं हे बहुधा आपलं माप असतं. भडगाव रोडकडच्या एका सहाफुटी गृहस्थांनी सांगितलं, “पाठ आखडायची हो, गुडघे हँडलला लागायचे.” मी टेप काढला. बरोबर साडेसतरा! जोडांवर रंगाखाली कुठे तडा नाही ना, हे नखाने चाचपलं. नव्हता. आनंद गिळला, चेहरा पाडला आणि म्हणालो, “लहानच आहे हो. मग काहीतरी कमी करा.”