आत कोण बसलंय?

गाडीच्या काचांवर काळी फिल्म लावायला सर्वोच्च न्यायालयाने 27 एप्रिल 2012 रोजी बंदी घातली आणि 4 मेपासून ती लागूही झाली. तेव्हापासून फिल्मवाले देशोधडीला लागले असतील असं ज्यांना वाटतं, त्यांनी लिंक रोडने अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत एक चक्कर मारून यावी. दुकानं आहेत, गिऱ्हाईक आहे आणि गिऱ्हाइकाचा प्रश्नही जुनाच आहे : ‘अजून थोडी डार्क नाही का?’

नियम तसा सरळ आहे. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, बाजूच्या काचांतून 50 टक्के. दुकानातला पोरगा मात्र विचारतो, ‘साहेब, वीस टाकू की पस्तीस?’ वीस म्हणजे वीसच टक्के काळी, म्हणजे आपण कायद्यात बसलो, असं समजून सज्जन माणूस वीस टाकतो. प्रत्यक्षात तो आकडा आत येणाऱ्या उजेडाचा असतो, म्हणजे ऐंशी टक्के उजेड त्याने बाहेरच ठेवलेला असतो. जास्त सावध माणूस सत्तरची मागतो. तोही सुटत नाही. कंपनीची काच मुळात थोडा प्रकाश खातेच. समजा तिच्यातून सत्तर टक्के येतो. त्यावर सत्तरची फिल्म चढवली की गुणाकार येतो 49. एका मार्काने नापास, आणि इथे ग्रेस मार्क नाहीत.

हे सगळं कशासाठी, तर ‘ऊन फार लागतं हो.’ ऊन लागतं हे खरंच. मे महिन्यात घाटकोपरला एलबीएस रोडवर गाडी तासभर उभी केली की स्टिअरिंगला हात लावायला फडकं लागतं. पण सूर्याच्या उष्णतेतला निम्म्याच्या आसपास वाटा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो. ते अडवणारी सिरॅमिक फिल्म मिळते, जवळजवळ पारदर्शक, आणि चांगलीच महाग. दुकानदार ती दाखवतो. गिऱ्हाईक उजेडात धरून बघतं, उलटीसुलटी करतं आणि विचारतं, ‘पण लावलीय हे लोकांना कळणार कसं?’

ऊन तिथेच संपतं. गाडी सगळ्या सोसायटीला दिसली पाहिजे, आतला माणूस दिसता कामा नये, आणि तरी आत कोणीतरी बडं धेंड आहे एवढं कळलं पाहिजे. न्यायालयाने सवलतीचं दार फक्त झेड आणि झेड प्लस सुरक्षावाल्यांसाठी किलकिलं ठेवलं, तेही समितीने प्रकरण तपासल्यावर. (ज्यांचा हात जोडलेला फोटो नाक्यानाक्यावर लटकतो, लपायची सोय नेमकी त्यांनाच.) बाकी उपनगराची झेड प्लस सुरक्षा म्हणजे गेटवरचा वॉचमन, आणि तो दुपारी दोन ते चार उपलब्ध नसतो.

आता एक नवीन आधार मिळालाय. 2021 पासून नियमात ‘सेफ्टी ग्लेझिंग’ हा शब्द आला, आणि सप्टेंबर 2024 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सांगितलं की ठरलेल्या मर्यादेत राहून फिल्म लावायला हरकत नाही. मुलुंडच्या माणसाने एरवी केरळकडून हाऊसबोट सोडून काही घेतलं नसेल, पण हा निकाल त्याच्या मोबाइलमध्ये असतो. ‘मर्यादेत राहून’ हे दोन शब्द सोडून बाकी सगळा पाठ असतो.

सिग्नलला हवालदाराकडे मीटर असेलच असं नाही. तो काचेशी वाकतो. आतला माणूस दिसला तर जाऊ देतो; स्वतःचीच मिशी दिसली तर चलानचं यंत्र काढतो. पहिल्या वेळी पाचशे रुपये. मग काच हळूहळू खाली येते, आणि कोणाला दिसू नये म्हणून एवढा खर्च केलेला माणूस दुखावल्या आवाजात म्हणतो, ‘काय राव, ओळखलं नाहीत?’