खपली धरली, पण पडली कुठे?

ज्येष्ठी पौर्णिमेला बनारसमध्ये अस्सीच्या जगन्नाथाला आंघोळ घालतात. येईल तो भक्त कलशभर पाणी ओततो, आणि दिवसभर भिजून देव आजारी पडतो. मग पंधरा दिवस दर्शन बंद आणि रोजचा काढा. यंदा देवापाठोपाठ तिसऱ्या दिवशी मीही पडलो. त्याला गंगाजल बाधलं, मला ग्वाल्हेरचं लग्न. तिथून आमची लेक आहेरासोबत कांजिण्या घेऊन आली, स्वतः आठवडाभरात बरी होऊन गल्लीत हुंदडू लागली, आणि पंचेचाळिशीच्या बापाला वसा देऊन मोकळी झाली. हा रोग पोरांशी खेळतो आणि बापाला बडवतो.

माझी रवानगी तिसऱ्या मजल्यावर झाली. दुर्गाघाटच्या गल्लीत वेगळं राहणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. समोरून सांड आला तर पाठ भिंतीला लावून पोट आत ओढावं लागतं; अंतर राखायचं ते कुणापासून? एकटेपणा फक्त वर, गच्चीलगतच्या खोलीत. तिथंही दुपारी माकडं यायची. पायरीवर ठेवलेलं केळं ती माझ्याआधी उचलायची आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघायची, की रोगी नक्की कोण, असा प्रश्न पडावा.

आठव्या दिवशी डॉक्टरांना फोनवर फोटो पाठवले. ते म्हणाले, "पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत लागण होते. खपली धरायला साधारण पाच ते सात दिवस. तुम्हाला नवा फोड नाही, सगळे सुकलेत. उतरा खाली."

मी दाढी करायच्या बेतात जिन्याशी आलो. खाली आत्या उभी.

"खपली धरली म्हणतोस. पडली का?"

"डॉक्टर म्हणाले, धरली की झालं."

"धरली म्हणजे पडली नव्हे. वर जा."

मराठीत एका क्रियापदाच्या फरकानं माणूस आठ-दहा दिवस कोंडला जातो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

आत्या ऐंशीच्या पुढची. तिच्या दंडावर देवी टोचल्याची नाण्याएवढी खूण आहे. तिच्या लहानपणी घरात रोग यायचा नाही, देवी यायच्या; आणि आमचे हिंदी शेजारी अजूनही कांजिण्यांना 'छोटी माता' म्हणतात. आता पाहुणी म्हणून आलेल्या बाईला "आपण निघणार कधी?" असं कुणी विचारतं का? कडुलिंबाचा डहाळा दाराला लावायचा, फोडणी द्यायची नाही, आणि ती आपणहून उठेपर्यंत वाट बघायची. दशाश्वमेधाजवळच्या शीतळेच्या देवळात आत्या अजून जाते. गाढवावर बसलेली, हाती झाडू, कलश, डोक्यावर सूप. माझ्या मते हा थाट देवीपेक्षा महापालिकेच्या सफाई निरीक्षकाचा जास्त आहे, पण हे आत्यासमोर बोलायची छाती नाही.

वर पडून वाचायला वेळ होता. वाचता वाचता लक्षात आलं, की आत्या चुकीची नव्हती. तिचा नियम दुसऱ्या रोगाचा होता. देवीच्या रोगात शेवटची खपली गळून पडेपर्यंत रोगी लागणीचा, कारण त्या खपल्यांतही विष जिवंत असायचं. कांजिण्यांच्या सुकलेल्या खपलीला ते वैभव नाही. बनारसचे ब्राह्मण तर देवीच्या फोडांतला मालच औषध म्हणून वापरत. हॉलवेल नावाच्या इंग्रजानं 1767 साली लंडनमध्ये लिहून ठेवलंय, की वृंदावन, अलाहाबाद, बनारस इथले ब्राह्मण दरसाल बंगालात फिरत आणि मागल्या वर्षीच्या फोडांत भिजवलेला कापूस हातावरच्या ओरखड्यावर ठेवून मुलांना मुद्दाम सौम्य देवी आणत. म्हणजे खपलीचा धाक या गावाला पिढ्यान्‌पिढ्यांचा.

आणि बाहेर कधी यायचं, हा घोळ एकट्या माझा नव्हता. भारतातला देवीचा शेवटचा रोगी मे 1975 मध्ये सापडला. देश मुक्त झाल्याचा निर्वाळा मिळाला 1977 मध्ये. सगळ्या जगात आपणहून लागण झालेला शेवटचा रोगी सोमालियातला, ऑक्टोबर 1977 चा. आणि जागतिक आरोग्य सभेनं रोग गेल्याचं जाहीर केलं ते मे 1980 मध्ये. मधली वर्षं माणसं गावोगाव विचारत फिरत होती, कुठं एखादा फोड उरलाय का. म्हणजे आत्याचंच काम, जरा मोठ्या जिन्याशी उभं राहून केलेलं.

देवाचं मात्र बरं आहे. त्याच्या आजारपणाला तिथी आहे. ना ताप मोजणं, ना खपली. अमावस्या आली की देव बरा, हे पंचांगात आधीच छापलेलं. तोवर तो पितो तो काढा प्रसाद म्हणून वाटतात आणि तो प्यायला लोक रांग लावतात. इकडे माझी कपबशी वेगळी, आणि ती धुणारी बाई ती चिमट्यानं उचलते. बरं वाटल्यावर देवाला परवलाचा रस देतात, मग डोलीत बसवून रथयात्रेच्या चौकाकडे, बेनीरामांच्या बागेत नेतात. हे बेनीराम पंडित नागपूरकर भोसल्यांचे वकील, वॉरन हेस्टिंग्जच्या ओळखीचे. पुरी तेव्हा भोसल्यांच्याच ताब्यात होती, त्यामुळे या जगन्नाथाशी आमचा थोडा घरोबा आहे असं मी मानतो. मध्ये एकदा देवाचंही गणित चुकलं. 2020 साली तो तिथीवर खडखडीत बरा झाला, पण बाहेरचं सगळं शहर कोंडलेलं. मेळा भरलाच नाही.

यंदा आषाढ शुद्ध द्वितीयेला देव रथात बसला तेव्हा माझी एकच खपली उरली होती. डाव्या कानामागे, जिथं मला दिसत नाही आणि आत्याला चष्म्याशिवाय दिसत नाही. घरचे सगळे मेळ्याला गेले. संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली. ताट पायरीवर ठेवून परत जायचा नेम होता, पण पावलं थांबली नाहीत. आत्या तीन मजले चढून धापा टाकत खोलीत आली, मोबाइलचा उजेड माझ्या कानामागे धरला आणि बराच वेळ बघत राहिली.

"आहे अजून," ती म्हणाली. मग माझ्याच खाटेच्या कडेला टेकली, पदराखालून मेळ्यातल्या नानखटाईचा पुडा काढला, एक मला दिली आणि एक स्वतः खाऊ लागली.

"उद्या बघू," ती म्हणाली. "चुरा सांडू नकोस, माकडं येतील."